तरफेची एक तार

खोक्यात रणगाडा नव्हता.
चार करड्या चौकटी होत्या आणि त्यांना लटकलेले
साठ तुकडे, चिंचेच्या बोटकांसारखे.
नेलकटरनं एकेक तोडत गेलो.
आधी चाकं. चौदा चाकं. त्यातलं एक
फरशीवर टणटण करत गेलं ते
वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या मागे.
शोधताना अब्बांची हरवलेली बारीक कानस सापडली,
मग चाक.

मिरज, रात्रीचे साडेदहा.
दुकानाचं शटर अर्धं खाली.
दिवसभर पडदे बांधलेल्या बोटांवर
अजून दोऱ्याचे वळ आहेत,
त्याच बोटांनी मी तोफ बसवतोय.

आमच्यात सांगतात, खापरपणजोबा तलवारींना धार लावायचे.
मग लढाया संपल्या
आणि धार लावणारे हात सूर लावायला शिकले.
गिऱ्हाईक बाहेरगावचं असलं की हे जरा रंगवून सांगतात.
मला एवढंच कळतं, की तलवारी संपल्या तरी
दोन वेळची भूक तशीच होती.

रविवारी सांगलीत, विश्रामबागला,
नचिकेत आवटीच्या गच्चीवर
टेबल टेनिसचं टेबल आमचं रणांगण.
थर्माकोलच्या टेकड्या, शिंप्याची टेप, फासे.
त्याचे रणगाडे परदेशी रंगाचे, एअरब्रशचे,
नव्या नवरीसारखे.
माझ्या रंगात चपड्याचं पॉलिश आणि काजळी,
आणि चिखलाच्या जागी चिखलच,
कृष्णाघाटावरचा, वाळवून
अम्मीच्या जुन्या ओढणीतून चाळलेला.
पुराच्या साली हाच
शमाआपाच्या सांगलीतल्या घरात
फ्रिजच्या डोक्यापर्यंत चढला होता.
तेव्हा खराट्यानं काढला,
आता शून्य नंबरच्या ब्रशनं लावतोय,
साखळीच्या कडीकडीत, थोडा थोडा.
जास्त झाला की खोटा वाटतो.

वरच्या झाकणातून एक कमांडर निघतो, कमरेपर्यंतचा.
त्याच्या हातात पिस्तूल होतं.
सापडलेल्या कानशीच्या दोन ओढींत ते गेलं.
हात तसाच वर राहिला,
रिक्षा थांबवल्यासारखा.

एकसष्टावा तुकडा आलाच नव्हता.
कागदावर नंबर होता, अँटेना,
चौकटीत नुसतं देठ.
म्हणून तरफेची एक तार कापली, दोन इंच,
सुईनं भोक पाडून रोवली.

अब्बा पाणी प्यायला उठले होते.
रणगाडा उचलून, एक डोळा मिटून,
दांडी सरळ आहे का बघतात तसा
दिव्यासमोर धरला.
म्हणाले, सांधा दिसतोय.
मी म्हटलं, खालच्या बाजूला आहे, कोण बघतंय?
त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.
मग लाखेची कांडी, मेणबत्ती,
घासकागद पाण्यात भिजवून,
बारा वाजेपर्यंत आम्ही दोघं
बोटाएवढ्या रणगाड्याचं पोट घासत बसलो.
हे काय आहे, त्यांनी विचारलं नाही.

जाताना नखानं अँटेना छेडली.
डासाएवढा आवाज आला.
"उतरलीय," ते म्हणाले. "खुंटी कुठंय हिची?"
नाही खुंटी.
तळहातावर रणगाडा घेऊन ते उभे राहिले,
बराच वेळ,
उलटा करून, सुलटा करून,
खुंटी कुठं बसेल ते शोधत.

रविवारी दुसऱ्याच डावात फाशावर एक पडला.
नियम असा, की मेलेला रणगाडा टेबलावरच ठेवायचा,
वर कापसाचा धूर लावून;
बाकीच्यांनी त्याला वळसा घालून जायचं.
नचिकेत तीनदा वळसा घालून गेला
आणि तिन्ही वेळा त्याच्या बाहीनं
ती तार वाजली.

घरी आलो तेव्हा अब्बा
घोडीची जवारी काढत होते.
मान वर न करता म्हणाले,
सांधा टिकला?
टिकला, मी म्हटलं.
त्यांनी कानस फिरवली, तार छेडली,
ऐकली, पुन्हा फिरवली.